गालाच्या पोकळीकडे जाणारे मार्ग : मॅक्सिलरी सायनसच्या शस्त्रक्रियेचा इतिहास (१६५१-२०२१)

बीजसंज्ञा : वैद्यकाचा इतिहास, मॅक्सिलरी सायनस, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, काल्डवेल-ल्युक, मेसरक्लिंगर, म्युकरमायकोसिस

प्रास्ताविक :

“मला सायनस आहे” हे वाक्य महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये, विशेषतः पावसाळ्याच्या दिवसांत, नेहमी ऐकू येते. वास्तविक सायनस हे आजाराचे नाव नव्हे. कवटीच्या हाडांत नाकाभोवती हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात त्यांचे ते नाव असून निरोगी माणसालाही त्या असतात. जुन्या मराठीत या दुखण्यास ‘पीनस’ म्हणत. पीनस हा शब्द रुग्णाला जे जाणवते त्याचा वाचक आहे, तर सायनस हा शब्द शरीरविच्छेदन करणाऱ्याला जे दिसते त्याचा. पहिला शब्द मागे पडून दुसरा घरोघर रुळला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

या पोकळ्यांपैकी सर्वांत मोठी पोकळी वरच्या जबड्याच्या हाडात, गालामागे, दोन्ही बाजूंस एकेक असते. तीच मॅक्सिलरी सायनस होय. प्रौढ माणसात तिचे आकारमान सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे भरतील एवढे असते. तिचे छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ, तिचा तळ म्हणजे दाढांच्या मुळांवरचे हाड आणि तिची आतील बाजू म्हणजे नाकाची बाजूची भिंत. नाकाशी जोडणारे तिचे नैसर्गिक द्वार या आतील भिंतीत, तळाशी नव्हे तर जवळजवळ छताशी असते. माणूस उभा असता एखाद्या माठाला तोटी बुडाशी न बसविता गळ्याशी बसवावी तशी ही रचना आहे. या एका विसंगतीभोवतीच पुढील साडेतीनशे वर्षांचा इतिहास फिरतो.

या पोकळीत पू साचल्यास तेथवर कोठून पोहोचावे? दाताच्या खळग्यातून, ओठ उचलून गालाच्या हाडातून, नाकाच्या तळाजवळून, की नैसर्गिक द्वारातून? शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाचा इतिहास बहुधा प्रगतीच्या क्रमाने सांगितला जातो : साधने सुधारत गेली, तसतसे मार्ग सुधारत गेले. प्रस्तुत लेखात हे कथन तपासून पाहावयाचे आहे. साधनांचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि मार्ग ठरला तो प्रत्येक वेळी त्या पोकळीविषयी शल्यविशारदांच्या मनात असलेल्या कल्पनेवरून. पोकळी ही साठवणीची जागा मानली की एक मार्ग योग्य ठरतो. ती वाहती, जिवंत जागा मानली की दुसरा. आणि या दोन कल्पनांपैकी एकीने दुसरीस कायमचे हद्दपार केले असेही घडलेले नाही.

दाताचा मार्ग :

लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास उभी चिरलेली कवटी रेखाटली, तीत ही पोकळी स्पष्ट दिसते. परंतु त्याची चित्रे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत आणि वैद्यकाच्या व्यवहारावर त्यांचा परिणाम झाला नाही. वैद्यकात या पोकळीस जे नाव मिळाले ते इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील शेरबोर्न या गावी वैद्यकी करणाऱ्या नॅथॅनियल हायमोर याचे. त्याचा शरीररचनेवरील लॅटिन ग्रंथ १६५१ मध्ये हेग येथे प्रसिद्ध झाला व तो त्याने विल्यम हार्वे यास अर्पण केला होता. ‘अँट्रम ऑफ हायमोर’ ही संज्ञा पुढे विसाव्या शतकापर्यंत प्रचारात राहिली.

हायमोरने या ग्रंथात एका स्त्रीची हकीकत दिली आहे. दातदुखीने हैराण झालेल्या या बाईचा वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सतत पू वाहू लागला. तिने कुतूहलाने म्हणा वा भीतीने म्हणा, त्या छिद्रात काडी घालून पाहिली, नंतर पिसाची सोललेली दांडी घातली. ती इतकी आत गेली की आपल्या मेंदूलाच भोक पडले आहे असे वाटून बाई घाबरली. हायमोरने तिची समजूत घातली की ही पोकळी प्रत्येकाच्या हाडात असते. एका दृष्टीने, या पोकळीचा शोध घेणारे पहिले ‘उपकरण’ रुग्णानेच स्वतःच्या हाताने चालविले, असे म्हणता येईल. शल्यविशारदांच्या नावांनी भरलेल्या या इतिहासात त्या बाईचे नाव मात्र येत नाही.

येथून जी दिशा मिळाली ती दाताची. जेम्स ड्रेक याच्या १७०७ च्या शरीररचनाविषयक ग्रंथात विल्यम कूपर याची पद्धत आली आहे : वरची पहिली दाढ काढावी, तिच्या खळग्यातून वर छिद्र पाडावे आणि पू बाहेर पडू द्यावा. ही पद्धत जवळजवळ दोनशे वर्षे टिकली आणि तिच्यामागील तर्क निर्दोष वाटावा असाच आहे. दाढेचे मूळ पोकळीच्या तळाला सर्वांत जवळ असते. द्रव खाली वाहतो. म्हणून छिद्र तळाला हवे. शिवाय अनेक रुग्णांत पू होण्याचे कारणच किडलेली दाढ असे, त्यामुळे एका कृतीत कारण व परिणाम या दोहोंचा निकाल लागत असे. या दुसऱ्या मुद्द्यास आजही बाध आलेला नाही. दातांपासून उद्भवणाऱ्या सायनसच्या विकारात दाताचा उपचार टाळून चालत नाही.

मात्र तोंड आणि सायनस यांच्यामध्ये छिद्र राहिले की अन्नाचे कण व लाळ आत जाते. छिद्र बुजू नये आणि घाणही जाऊ नये यासाठी त्यात बूच बसवावे लागे. असे बूच बाळगणाऱ्या माणसाचे जेवणे, बोलणे कसे होत असेल याविषयी तत्कालीन ग्रंथ फारसे बोलत नाहीत.

याच काळात एक वेगळा सूर उमटला होता. पॅरिस येथील दंतवैद्य जूर्दँ याने १७६० च्या दशकात नैसर्गिक द्वारातूनच नळी घालून पोकळी धुवावी, असे सुचविले. ते द्वार डोळ्यांना दिसत नसल्याने नळी अंदाजानेच घालावी लागे. ही कल्पना रुजली नाही. प्रगतीचे कथन लिहिणारे तिला ‘काळाच्या पुढची’ म्हणतात. हे विशेषण इतिहासलेखनात जपून वापरावे असे वाटते. जूर्दँकडे श्लेष्म्याच्या प्रवाहाचे ज्ञान नव्हते. द्वार आहे तर त्याचा उपयोग करावा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

गाल आणि नाक :

अठराव्या शतकातच लामोरिए, देसो इत्यादी फ्रेंच शल्यविशारदांनी दात वाचविण्यासाठी पोकळीच्या समोरील व बाजूच्या भिंतीतून छिद्र पाडण्यास प्रारंभ केला होता. सुळ्याच्या मुळाबाहेर, गालाच्या हाडात एक उथळ खळगा असतो. तेथील हाड पातळ असते. पुढील शतकात या खळग्याला मोठेच महत्त्व आले. १८४६ पासून ईथरच्या साहाय्याने गुंगी देता येऊ लागली आणि १८८४ मध्ये कार्ल कोलर याने व्हिएन्नात कोकेनचा स्थानिक बधिरतेसाठी उपयोग दाखविल्यावर नाकाच्या आत काम करणे रुग्णास सोसवेल असे झाले. व्हिएन्नाचाच शरीररचनाशास्त्रज्ञ एमिल झुकरकांड्ल याने १८८२ मध्ये नासापोकळीच्या प्राकृत व विकृत रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली हाडे म्हणजे शुक्तिका असतात व त्यांच्याखाली फटी असतात. या फटींपैकी कोणती कोठे उघडते याचा नकाशा त्याने शल्यविशारदांच्या हाती दिला.

योहान फॉन मिकुलिच याने १८८६ च्या सुमारास खालच्या शुक्तिकेखालून, नाकाच्या तळाजवळ, सायनसमध्ये खिडकी पाडण्याची पद्धत मांडली. तर्क कूपरचाच होता, फक्त छिद्र तोंडाऐवजी नाकात उघडत होते. याच मिकुलिचने १८८१ मध्ये जठर पाहण्याची दुर्बीण वापरात आणली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. पोटात डोकावू पाहणारा हा शल्यविशारद नाकात मात्र चाचपडतच काम करीत होता. नाकाच्या अरुंद फटीत जाईल एवढी बारीक आणि पुरेसा उजेड देणारी नळी तेव्हा अस्तित्वात नव्हती.

यानंतर आली ती या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया. न्यूयॉर्कच्या जॉर्ज काल्डवेल याने १८९३ मध्ये व पॅरिसच्या आंरी ल्युक याने त्याच्या लेखनाची कल्पना नसता १८९७ मध्ये तिचे वर्णन केले. लंडनच्या स्केन्स स्पायसरने १८९४ मध्ये जवळपास हीच पद्धत मांडली होती. तथापि नामकरणात तो वगळला गेला. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यावयाचा, सुळ्याच्या खळग्यातील हाड फोडून पोकळी समोरून उघडी करावयाची, आतील विकृत अस्तर खरवडून काढावयाचे आणि खालच्या शुक्तिकेखाली नाकात खिडकी ठेवून ओठाचा छेद शिवून टाकावयाचा. गालाचा मार्ग आणि नाकाचा मार्ग यांची ही सांगड होती. तोंडात कायमचे भोक राहत नसे आणि आतील रोग डोळ्यांना दिसे. ऐंशीहून अधिक वर्षे हीच मान्य शस्त्रक्रिया राहिली.

या शस्त्रक्रियेमागे असलेली धारणा नीट पाहिली पाहिजे. अस्तर एकदा बिघडले की ते बिघडलेच. म्हणून काढून टाकावे. पोकळी ही हाडाची पेटी. ती रिकामी केली व तळाला मोरी ठेवली की काम झाले. या धारणेची किंमत रुग्णांनी मोजली. सुळ्याच्या खळग्याच्या वर डोळ्याखालून गालाकडे येणारा संवेदनवाहक मज्जातंतू असतो. तो ताणला वा दुखावला गेल्याने कित्येकांचा गाल, ओठ व वरचे दात बधिर राहत. काहींना गालात दीर्घकाळ वेदना राहत. लहान मुलांत कायमच्या दातांचे अंकुर त्याच हाडात असल्याने ही शस्त्रक्रिया धोक्याची होती. अस्तर काढलेल्या पोकळीत पुढे व्रणाची तंतुमय भर होऊन ती आक्रसत असे.

जर्मनीत आल्फ्रेड डेंकर याने १९०५-०६ च्या सुमारास याहून पुढचे पाऊल टाकले. समोरची भिंत आणि नाकाची बाजूची भिंत जेथे मिळतात तो हाडाचा काठच त्याने काढून टाकला आणि सायनस व नाक समोरून एक करून टाकले. दृष्टिक्षेप विस्तृत झाला. हानीही त्या प्रमाणात वाढली. हा मार्ग पुढे जवळजवळ विस्मरणात गेला. त्याची आठवण ठेवावी, कारण तो पुन्हा भेटणार आहे.

प्रवाहाचा शोध :

सायनसचे अस्तर म्हणजे निव्वळ कातडे नव्हे. त्याच्या पेशींवर केसांसारखे असंख्य सूक्ष्म तंतू असतात. ते एका लयीत हलतात आणि वरचा श्लेष्म्याचा पातळ थर पुढे ढकलीत राहतात. त्या थरात अडकलेली धूळ व जंतू अशा रीतीने बाहेर नेले जातात. ही गोष्ट स्थूलमानाने पूर्वीच माहीत होती. अमेरिकेतील डुलुथ येथील अँडरसन हिल्डिंग याने १९३० च्या दशकापासून तिचा पद्धतशीर अभ्यास केला. सशांवरील प्रयोगांत त्याला असे आढळले की नैसर्गिक द्वाराभोवतीचे अस्तर दुखावले तर सायनसमध्ये संसर्ग होतो. अन्यत्र खिडकी पाडली तर सहसा होत नाही. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा परिणाम काय झाला? नैसर्गिक द्वार महत्त्वाचे आहे, म्हणून त्याच्या वाटेस जाऊ नये, असा धडा शल्यविशारदांनी घेतला. मिकुलिचची खालची खिडकी त्यामुळे अधिकच सुरक्षित ठरली. म्हणजे प्रवाहाचे विज्ञान आले ते प्रथम जुन्या मार्गाच्या बाजूने साक्ष द्यावयास. प्रगतीच्या सरळ कथनात ही गोष्ट बसत नाही व म्हणून ती बहुधा गाळली जाते.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर (१९२०-२००१) यांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. मृत्यूनंतरही काही तास हे सूक्ष्म तंतू हलत राहतात. या वस्तुस्थितीचा उपयोग करून त्यांनी नुकत्याच मृत झालेल्या व्यक्तींच्या नाकांत व सायनसांत श्लेष्मा कोणत्या वाटेने सरकतो हे निरीक्षिले व चित्रित केले. मॅक्सिलरी सायनसच्या तळापासून श्लेष्मा चांदणीच्या किरणांप्रमाणे चारी भिंतींवरून वर चढतो आणि छताजवळच्या नैसर्गिक द्वाराकडे एकवटतो. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध तो चढतो. याहून महत्त्वाचे म्हणजे तळाशी खिडकी पाडलेली असली तरीही तो तिच्याकडे वळत नाही. तिला वळसा घालून आपल्या जुन्या वाटेने वर जातो.

कूपरपासून मिकुलिचपर्यंत व तेथून काल्डवेलपर्यंत जी मोरी ठेवण्यात आली होती तिचा पोकळीच्या नैसर्गिक व्यवहाराशी संबंध नव्हता, असा याचा अर्थ होता. तिचा उपयोग नव्हता असे मात्र नव्हे. साचलेला पू तिच्यातून निघत असे, पोकळी धुता येत असे, रुग्णाला आराम पडत असे. पण बरे होऊन टिकावयाचे असेल तर वरच्या द्वाराशी असलेला अडथळा दूर होणे आवश्यक होते. हा अडथळा मेसरक्लिंगर यांना मधल्या शुक्तिकेखालील अरुंद फटीत सापडला. तेथे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटले की तंतूंची हालचाल थांबते, श्लेष्मा तुंबतो आणि रोग मागे मोठ्या सायनसमध्ये प्रकट होतो. रोग जेथे दिसतो तेथे नव्हे, तर जेथे उगम पावतो तेथे शस्त्र चालवावे; मोठ्या पोकळीचे अस्तर खरवडण्याचे कारण नाही, कारण द्वार मोकळे झाले की ते आपोआप सुधारते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा नाकाच्या दुर्बीण-तपासणीवरील इंग्रजी ग्रंथ १९७८ मध्ये आला.

दुर्बीण :

हे सर्व प्रत्यक्षात येण्यास डोळा आत जाणे आवश्यक होते. त्याचे प्रयत्न जुने होते. माक्स निट्झे याची मूत्राशय पाहण्याची दुर्बीण १८७९ मध्ये पुढे आली. तिच्यात फेरफार करून हिर्शमान याने १९०१ मध्ये दाताच्या खळग्यातून मॅक्सिलरी सायनसमध्ये डोकावून पाहिले. दुर्बीणही प्रथम कूपरच्याच वाटेने गेली! १९२५ मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ याने ‘सायनुस्कोप’ या नावाने अशा उपकरणाचा पुरस्कार केला. पण टोकाशी बसविलेला इवलासा दिवा आणि पातळ भिंगांची माळ यांतून मिळणारे चित्र अंधुकच असे.

हा अडसर दूर केला तो हॅरल्ड हॉपकिन्स (१९१८-१९९४) या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने. या कथेत एका भारतीयाचाही वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांचे विद्यार्थी होते. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दोघांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. अशा तंतूंमुळे प्रखर दिवा शरीराबाहेर ठेवून केवळ प्रकाश आत नेणे शक्य झाले. यानंतर हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये दुसरी कल्पना नोंदविली. नळीत हवा आणि तिच्यात अधूनमधून काचेची भिंगे, ही जुनी रचना त्यांनी उलट केली : नळीत काचेच्या कांड्या आणि त्यांच्यामधील हवेचे लहान अवकाश हीच भिंगे. त्यामुळे प्रकाश अनेक पटींनी वाढला आणि नळी बारीक करता आली. इंग्लंडमध्ये या शोधास उत्पादक लाभला नाही. जर्मनीतील टुटलिंगेन येथील कार्ल स्टॉर्झ यांनी तो घेतला आणि १९६७ पासून अशा दुर्बिणी तयार होऊ लागल्या. मेसरक्लिंगर यांच्या हातात आली ती हीच, सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण. सरळ पाहणारी एक, तर तिरप्या कोनांतून पाहणाऱ्या इतर, ज्यांतून कोपऱ्याआडचेही दिसते.

मेसरक्लिंगर यांचे सहकारी हाइन्झ श्टामबेर्गर आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड केनेडी यांनी १९८५-८६ मध्ये इंग्रजीतून लेख लिहून व शिबिरे भरवून ही पद्धत जगभर नेली. ‘फंक्शनल’ म्हणजे कार्य पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया हे नाव तेव्हा रूढ झाले. नावातच भूमिका होती. याच सुमारास सीटी स्कॅनची जोड मिळाली. कवटीचे समोरून घेतलेले काप शल्यविशारदाला दुर्बिणीत जे दिसणार त्याचा नकाशाच पुरवितात. एर्लांगेन येथे विगांड आणि फुल्डा येथे ड्राफ यांचे स्वतंत्र कार्यही याच काळातील आहे. ग्राझच्या प्रसिद्धीपुढे त्याचा उल्लेख कमी होतो.

द्वार कोणते आणि किती मोठे?

मधल्या शुक्तिकेखालून जाणारा मार्ग मान्य झाला म्हणून निवडीचा प्रश्न संपला नाही. तो सूक्ष्म झाला. नैसर्गिक द्वार हे एका कोयत्यासारख्या वाकड्या पातळ हाडाआड दडलेले असते आणि सरळ दुर्बिणीतून सहसा दिसत नाही. त्याच्यामागे, जेथे भिंतीत हाड नसून केवळ पडदा असतो, तेथे काही माणसांना जादा छिद्र असते व ते सहज नजरेस पडते. अननुभवी शल्यविशारद त्यालाच खरे द्वार समजून मोठे करतो. मग काय होते? श्लेष्मा वरच्या खऱ्या द्वारातून बाहेर येतो आणि मागच्या पाडलेल्या खिडकीतून पुन्हा आत शिरतो. हे चक्र चालूच राहते. शस्त्रक्रिया होऊनही रुग्ण बरा होत नाही. पार्सन्स व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या फसगतीचे सविस्तर वर्णन केले. उपाय सोपा होता : दोन्ही छिद्रे जोडून एक करणे आणि त्यासाठी तिरप्या दुर्बिणीने खरे द्वार शोधणे. मिकुलिचची चूक तळाशी होती, ही चूक त्याच द्वारापासून बोटभरही दूर नव्हती. पण प्रवाहाच्या दृष्टीने दोन्हींची जात एकच.

द्वार किती मोठे करावे यावरही दोन पक्ष पडले. सेटलिफ यांनी १९९० च्या दशकात लहान द्वाराचा पुरस्कार केला : वाकडे हाड काढावे, द्वाराला हात लावू नये. सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो असे स्टॉकहोमच्या लुंडबेर्ग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले होते. तो जंतूंना मारक असल्याने मोठ्या द्वारातून तो निसटून जाईल, हे या पक्षाच्या हाती आलेले एक कारण. २००५ मध्ये अमेरिकेत फुग्याने द्वार रुंदावण्याच्या साधनास मान्यता मिळाली, तेव्हा तर काहीच कापण्याची आवश्यकता उरली नाही. दुसरा पक्ष म्हणे, औषधी पाण्याची धुलाई आत पोहोचावयाची तर द्वार मोठे हवे. विशेषतः ज्यांच्या नाकात मांसल गाठी वाढतात त्यांच्या बाबतीत. हा वाद एका निकालाने मिटला नाही. रोग कोणता यावर उत्तर बदलते, एवढे मात्र दोन्ही पक्षांना मानावे लागले.

जुन्या मार्गांचे पुनरागमन :

काही रुग्णांत अस्तराचे तंतू दीर्घ रोगाने वा पूर्वीच्या काल्डवेल-ल्युक शस्त्रक्रियेने नष्ट झालेले असतात. त्यांचे नैसर्गिक द्वार कितीही नीट उघडले तरी श्लेष्मा चढत नाही, कारण त्याला चढविणारेच उरलेले नसते. अशा रुग्णांसाठी चो आणि ह्वांग यांनी २००८ मध्ये द्वार पुढे खाली नाकाच्या तळापर्यंत वाढविण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष मांडले. नाकातून पाणी सोडले की पोकळी धुतली जाते आणि साचलेले खाली निघून येते. म्हणजे गुरुत्वाकर्षण परत आले! जिवंत अस्तराच्या बाबतीत जो तर्क चुकीचा, तोच मृत अस्तराच्या बाबतीत बरोबर. मिकुलिचचे अनुमान त्याच्या काळच्या जीर्ण, पूर्णपणे बिघडलेल्या सायनसांसाठी कदाचित आपण समजतो तितके अज्ञानमूलक नव्हते.

गाठींच्या शस्त्रक्रियेतही असेच घडले. उलट दिशेने आत वाढणारी पॅपिलोमा नावाची गाठ कर्करोगाची नसली तरी तिचे मूळ राहिले तर ती पुन्हा उगवते व काहींत कर्करोगाकडे झुकते. पूर्वी तिच्यासाठी चेहऱ्यावर, नाकाच्या कडेने, छेद घेत. १९९० च्या दशकात दुर्बिणीतून नाकाची बाजूची भिंत काढण्याची पद्धत आली आणि चेहऱ्यावरील व्रण टळू लागला. येथे निवड ठरते ती गाठीचे मूळ कोठे चिकटले आहे त्यावरून. मूळ आतील वा मागील भिंतीवर असेल तर मधल्या शुक्तिकेखालील द्वार पुरते. ते समोरच्या भिंतीवर वा तळाच्या पुढील कोपऱ्यात असेल तर सत्तर अंशांच्या दुर्बिणीतून ते दिसते, पण हत्यार तेथे वळत नाही. दिसणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या अडचणीतून डेंकरचा विस्मृत मार्ग दुर्बिणीच्या हाती पुन्हा आला. आता ओठाखालून नव्हे तर नाकातूनच. बीजिंगचे झोउ बिंग व सहकाऱ्यांनी त्याचे सौम्य रूप मांडले, जे २०१३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. डोळ्यातील अश्रू नाकात आणणाऱ्या नलिकेच्या पुढून, तिला व खालच्या शुक्तिकेला बाजूस सारून, सायनसमध्ये शिरावयाचे आणि काम झाले की त्या पूर्वजागी ठेवावयाच्या. ही वाट सर्वांस सारखी मोकळी नसते. नलिका व समोरचे हाड यांमधील अंतर तीन मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास ती कठीण, सातपेक्षा अधिक असल्यास सोपी, असे वर्गीकरण सिमेन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे केले. मार्गाची निवड आता रोगाइतकीच त्या विशिष्ट माणसाच्या हाडावर अवलंबून राहू लागली.

२०२१ च्या उन्हाळ्यात हा सर्व इतिहास महाराष्ट्रातील शस्त्रक्रियागृहांत एकाच वेळी उपस्थित झाला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचा उद्रेक झाला. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख कारणे होत. मे २०२१ मध्ये साथरोग कायदा, १८९७ अन्वये त्याची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगण्यात आले. त्या वर्षी जुलैच्या उत्तरार्धापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण व ४ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तोडते आणि ऊतक मृत होते. तेथे प्रवाह पूर्ववत करण्याचा प्रश्नच नव्हता. मृत भाग काढणे हाच उपाय, अँफोटेरिसिन-बी च्या जोडीने, आणि ते औषध त्या आठवड्यांत सहजी मिळत नव्हते. दुर्बिणीने नाकातून आरंभ करावा, समोरची भिंत वा गालामागची जागा बाधित असल्यास डेंकरचा वा काल्डवेलचा मार्ग जोडावा, टाळू व दातांखालील हाड गेले असल्यास जबड्याचा भागच काढावा, असे निर्णय रोजच्या रोज घ्यावे लागले. नव्या पिढीतील ज्या डॉक्टरांनी काल्डवेल-ल्युक केवळ परीक्षेपुरते वाचले होते, त्यांना ते हाताने करावे लागले.

या उद्रेकातून वाचलेल्या अनेकांचा वरचा जबडा अंशतः वा पूर्णतः गेलेला आहे. टाळूतील उघड्या जागेत कृत्रिम झाकण बसवून ते जेवतात व बोलतात. काहींना गालाच्या हाडात रोवलेल्या आधारांवर दात बसविण्यात आले. अठराव्या शतकातील बूच बाळगणाऱ्या रुग्णांविषयी ग्रंथ काही सांगत नाहीत, हे वर आलेच आहे. २०२१ च्या रुग्णांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियांची संख्या, मार्ग आणि निष्पत्ती वैद्यकीय नियतकालिकांत आली आहे व येत राहील. आजाराच्या त्या दिवसांत औषधासाठी कोण कोठे फिरले, जबडा काढण्यास संमती कोणी व कशी दिली, त्यानंतर घरात आणि कामावर काय बदलले, हे मात्र त्या नियतकालिकांचे क्षेत्र नव्हे. आपल्या महाविद्यालयांच्या परिसरात असे रुग्ण राहत आहेत. त्यांच्या मुलाखती त्यांच्या संमतीने, नावे गुप्त ठेवून, मौखिक इतिहासाच्या रीतीने ध्वनिमुद्रित करण्याचे काम इतिहास व समाजशास्त्र या विभागांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाती घेता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र आठवणी ताज्या आहेत तोवरच ते व्हावयास हवे.